टोक उघडं होतं

“लिहायचंय की मिरवायचंय?” पेनाच्या दुकानदारानं विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आधी मी शेजारी उभ्या असलेल्या विश्वजीतच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं. तो हसला का, हसला तर कितपत, हसताना दुकानदाराच्या बाजूला होता की माझ्या, एवढं मला बघायचं होतं. तो हसला नाही. दोन्ही हात काउंटरच्या काचेवर टेकून पालकसभेला आलेल्या बापासारखा गंभीर उभा होता. “रोज लिहायचंय,” मी म्हणाले. “रोज काय लिहिणार?” “ते पेनाला सांगेन.” दुकानदारानं नुसती मान हलवली. अप्पा बळवंत चौकात असल्या उत्तरांचं कुणाला काही वाटत नाही आणि असले प्रश्नही मनाला लावून घ्यायचे नसतात. तो ते सगळ्यांनाच विचारत असणार. असणार, असं मी मनाशी म्हटलं खरं, पण माझ्यामागून आलेल्या गृहस्थांना तो काय विचारतो इकडे माझा एक कान होताच. त्यांना त्यानं विचारलं, “शाई की रिफिल?” म्हणजे सगळ्यांना विचारत नाही.

हा संशय माझ्या पोटापाण्याचा आहे. मी सारी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात काढली, पुढच्या वर्षी सुटेन. आमच्याकडे नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती अशी, की कागद काय सांगतो ते सगळेच वाचतात, तू तो काय सांगत नाही ते बघ. दुसरी गोष्ट मी माझी मी शिकले. माणूस स्वतःच्या सोयीचं बोलला की ते तपासून घ्यावं, आणि स्वतःच्या गैरसोयीचं बोलला तर ते बहुतेक खरं असतं. पहिलीचा उपयोग रोज झाला. दुसरीचा क्वचित, कारण स्वतःच्या गैरसोयीचं बोलणारी माणसं कचेऱ्यांतून फारशी भेटत नाहीत. पूर्वा म्हणते, “आई, तू भाजीवालीवरसुद्धा आक्षेप काढतेस.” पूर्वा माझी एकुलती एक. तिचे वडील गेल्यापासून विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. ती हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत जाते, आणि विश्वजीत त्याच कंपनीत, तिच्या वरच्या मजल्यावर. ज्या वावरात त्याच्या आजोबांनी ज्वारी काढली त्या वावरावर ती इमारत उभी आहे, आणि गळ्यात पास अडकवल्याशिवाय नातवाला तिथं आत सोडत नाहीत. हे त्यानंच मला पहिल्या भेटीत सांगितलं, हसत हसत. मला ते आवडलं होतं, आणि आवडलं म्हणूनच मी जास्त सावध झाले.

गेल्या रविवारी त्याचे आईवडील आमच्याकडे आले होते. आप्पासाहेब आणि तुळजाबाई. ते मराठा, गावचं जुनं पाटलांचं घर, जमीन गेली तरी बसगाड्या आणि गॅरेज राखून असलेलं. आम्ही बौद्ध, माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. ही गोष्ट त्या दिवशी कोणी तोंडातून काढली नाही, आणि आपण काढत नाही आहोत हे सगळ्यांना कळत होतं. तुळजाबाईंनी चहा शेवटच्या घोटापर्यंत घेतला. मी बघत होते. आप्पासाहेबांनी पोह्यांची बशी रिकामी केली. तेही मी बघत होते. बोलता बोलता कुठल्याशा मंगल कार्यालयाच्या मालकाचा नंबर निघाला आणि आप्पासाहेब म्हणाले, “ताई, पेन हाय का जरा?” मी माझं पेन दिलं. रोजचं, दादांचं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला नंबर लिहिला, बॉलपेनानं लिहावं तसा रेटून. निबेचा चरचर आवाज मला सोफ्यावर ऐकू आला. लिहून झाल्यावर पेन घ्यायला मी हात पुढे केला. त्यांनी पेनाकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि पेन टीपॉयवर ठेवलं. मग एका बोटानं ते माझ्या बाजूला थोडं सरकवलं. माझा हात तसाच राहिला. मी तो तसाच पुढे नेऊन त्यांची बशी उचलली, जणू बशीसाठीच नेला होता. पूर्वा तुळजाबाईंना गॅलरीतला कढीपत्ता दाखवत होती. कुणाला काही दिसलं नाही.

निब फाकली होती. रात्री रोजचं पान लिहायला बसले तर एका रेघेच्या दोन रेघा उमटायला लागल्या. मी दादांच्या सवयीनं रोज एक पान लिहिते. त्यात काही विशेष नसतं. काय शिजलं, कोण भेटलं, बस कुठं अडकली. दादा, म्हणजे माझे वडील रामदास, खडकीच्या कारखान्यात कामाला होते आणि पेन खिशाला लावल्याशिवाय दूध आणायलासुद्धा जात नसत. आमच्या भिंतीवरच्या तसबिरीतल्या कोटाच्या खिशाला पेन होतं, म्हणून त्यांच्याही. कारखान्यात दिवसभर लोखंड आणि संध्याकाळी शाई. त्यांच्यामागे ते पेन मी वापरायला लागले तेव्हा ते माझ्याशी वर्षभर भांडलं, कारण निब त्यांच्या हाताच्या कलानं झिजलेली होती. मग हळूहळू माझ्या कलानं झिजली. त्या रात्री ते पुन्हा परकं झालं होतं, आणि मी त्या दुहेरी रेघेकडे बघत विचार करत बसले की निबेचं दुःख आहे की त्या एका बोटाचं. बोटाचंच होतं. निब काय, बाजारात मिळते.

खाली ठेवणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. दादा सांगायचे, त्यांच्या गावच्या दुकानात सुटे पैसे हातावर कधी पडले नाहीत, उंबऱ्यावर पडायचे, वाकून वेचायचे. मी स्वतः शहरात वाढले, माझ्या वाट्याला असलं उघड काही आलं नाही. माझ्या वाट्याला आली ती शकू. शकू माझ्या बाकावरची मैत्रीण, शाळा सुटेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींच्या वेण्या धरून चालायचो. शाळेत शाई संपली की उसनी घ्यायची पद्धत होती. निबेला निब टेकवायची आणि थेंब इकडून तिकडे ओढून घ्यायचे. शकू मला शाई द्यायची, कधी नाही म्हणाली नाही, पण ती थेंब बाकावर टाकायची. लाकडावर निळे टपोरे थेंब, आणि मी माझ्या निबेनं ते टिपून घ्यायचे. एकदा तिला मी दुसऱ्या एका मुलीच्या निबेला निब लावताना बघितलं. पण त्या मुलीची निब नवी होती आणि माझी वाकडी, तेव्हा शकूला आपली निब खराब व्हायची भीती असेल. किंवा तिच्या आईनं काही सांगितलं असेल. किंवा काहीच नसेल. मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं, आणि कळलं असतं म्हणूनच विचारलं नाही. पुढे तिच्या लग्नात मी तिच्या हातावर मेंदी काढली, तिचा तळवा माझ्या तळव्यावर ठेवून, आणि तेव्हाही मी त्या थेंबांचाच विचार करत होते.

आता गोष्ट अशी, की उद्या रविवार. उद्या ते पुन्हा येणार आहेत, तारीख ठरवायला. पूर्वानं सगळं माझ्यावर टाकलंय. “तू हो म्हण, मग पुढे जाऊ. नाही म्हणालीस तर मी थांबेन,” ती म्हणाली, “पण कारण सांगायचं. नीट, लेखी द्यावं तसं.” आठवडाभर मी ते कारण मांडून बघतेय. त्यांनी पेन टीपॉयवर ठेवलं. हे कारण? पूर्वा माझ्याकडे बघत राहील. तिला कुणी थेंब बाकावर टाकून दिले नाहीत. किंवा दिले असतील, आणि तीही मला सांगत नसेल, जसं मी दादांना सांगितलं नाही. त्या घरात ती रोज राहणार, रोज तिच्यापुढे काही ना काही ठेवलं जाणार, वाटी, किल्ली, बाळ, आणि प्रत्येक वेळी ते हातात आलं की खाली ठेवलं गेलं हे तिला मोजावं लागणार. मी जिवंत असताना पोरीला या मोजणीत ढकलू? आणि नाही म्हटलं, आणि तसं काही नसलंच तर? या दोन्हींच्या मध्ये मी आठवडाभर जेवलेली नाही धड.

त्यात काल विश्वजीतचा फोन. “काकू, आप्पांनी तुमच्या पेनाची वाट लावली असं पूर्वा म्हणाली. मी नवीन घेऊन देतो.” मी म्हटलं, माझं पेन मी घेते, तू हवं तर गाडी घेऊन ये. तो हिंजवडीहून शनिवारचं ट्रॅफिक तुडवत विश्रांतवाडीला आला आणि तिथून मला इथं घेऊन आला. का आला? स्वतःहून, की पाठवलाय? वाटेत गाडीत त्यानं निबांविषयी विचारलं, मोबाइलवर वाचून आला होता, स्टील की गोल्ड, फाइन की मीडियम. मुलगा चांगला आहे. चांगल्या माणसाला पुढे करून मागचे कागद न दाखवण्याची पद्धतही मला माहीत आहे.

“हं, लिहून बघा,” दुकानदार म्हणाला. त्यानं एका पेनात शाई भरून माझ्यापुढे ठेवलं, काचेवर. मी तेही टिपलं, पण त्यानं त्या रिफिलवाल्या गृहस्थांपुढेही काचेवरच ठेवलं होतं, ते जमेला धरलं. पुढ्यात कागदांची चळत होती, आधीच्या गिऱ्हाइकांनी गिरगटलेली. निम्म्यांनी श्री काढला होता, बाकीच्यांनी सह्या. मी लिहिलं, जया. “एवढ्यावर काय कळणार?” तो म्हणाला, “दोन अक्षरांत निब बोलत नाही. पूर्ण नाव लिहा.” माझा हात थांबला. पूर्ण नाव कशाला? दुकानात, बँकेत, शेजारच्या बाईशी पहिल्या ओळखीत, पूर्ण नाव म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत एक कप्पा उघडतो आणि मला त्यात ठेवून बंद होतो. तो आवाज मला पाठ आहे. दादा मात्र पेन घेताना नेहमी पूर्ण नाव लिहीत, लांबच लांब शिरोरेघ ओढून. म्हणायचे, “पेन नावानंच बघावं. आपल्या माणसांना आपलं नाव लिहायला मिळालं तेच उशिरा.” मी लिहिलं, जया रामदास ओव्हाळ, लग्नानंतरही न बदललेलं नाव. दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. मी त्या कप्प्याची वाट बघत होते. “ळ भरला,” तो म्हणाला. “काय?” “तुमचा ळ. दोन्ही डोळे बुजले बघा त्याचे. मीडियम निब आहे ही, अन् तुमचं अक्षर बारीक. तुम्हाला फाइन पाहिजे.” कागद खाली ठेवून तो फाइन निबेचं पेन शोधायला लागला. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, आणि थोडी निराशाही, आलेला पाहुणा दारातूनच परत गेल्यासारखी.

दादांचं पेनही मी आणलं होतं, ते त्याला दाखवलं. त्यानं निब नखावर घासून बघितली. “कुणी रेटलीय? दोन्ही पाती फाकल्यात. जुळवून देईन, पण पहिल्यासारखी लिहिणार नाही. ठेवा आठवण म्हणून.” विश्वजीत एकदम म्हणाला, “सॉरी काकू.” फाइन निब छान होती. जरा टोचरी, पण रेघ स्वच्छ, ळचे दोन्ही डोळे उघडे, व्हची गाठ नीट वळलेली. मी पुन्हा पुन्हा ओव्हाळ लिहीत राहिले. आणि लिहिता लिहिता माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. पूर्वीही कामात यायची, हिशेब नीट दिसत असला की मुद्दाम एक साधा प्रश्न टाकून बघायची. मी पेन विश्वजीतकडे दिलं. “तू लिही बघू एक ओळ. मला दुसऱ्याच्या हातात कसं चालतं ते बघायचंय.” त्यानं हातातच घेतलं. लिहिलं, ‘हिंजवडी ते विश्रांतवाडी दोन तास’, शाळकरी गोल अक्षरात, आणि स्वतःशीच हसला. मग मी हात पुढे केला. तळवा वर, अगदी त्या दिवशीसारखा. विश्वजीतनं पेन काचेवर ठेवलं, आणि एका बोटानं माझ्या बाजूला सरकवलं.

संपलं, असं मला वाटलं. शांतही वाटलं, वाईट बातमी एकदाची आल्यावर वाटतं तसं. पूर्वाला आज संध्याकाळीच सांगायचं. बापाचं एक वेळ समजू शकतं, त्या पिढीच्या हाताला वळणच तसं. पण हा आमच्या घरी माझ्या हातची थालीपीठं खाणारा, हाही तेच. म्हणजे हे हाडात आहे. माझा हात अजून पुढेच होता. या वेळी उचलायला बशी नव्हती. का कोण जाणे, कदाचित बशी नव्हती म्हणूनच, मी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. “हातात का नाही दिलंस?”

“काय?” तो म्हणाला. “पेन. मी हात पुढे केला होता. तू खाली ठेवलंस. का?” त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, मग पेनाकडे, आणि खरंच आठवायला लागला, मघाशी आपण काय केलं ते. “अरे हो. ते सवयीनं, काकू. टोक उघडं होतं ना. आमच्याकडे टोकदार काही हातात देत नाहीत. सुई, कात्री, विळा. भांडण होतं म्हणतात, नातं तुटतं. आप्पा तर गॅरेजमध्ये मला स्क्रूड्रायव्हरसुद्धा जमिनीवर ठेवून देतात, म्हणतात उचल. आई ओरडते नाहीतर.” मग म्हणाला, “वेडेपणा आहे, आय नो.” दुकानदार मध्येच बोलला, “सुईचं ऐकलंय. निबेचं नाही ऐकलं बुवा.” मला ते आवडलं नाही. माझ्या बाजूनं कुणी संशय घेतलेला मला चालत नाही.

सुईचं मीही ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, आमच्याच घरात होतं ते. आई सुई हातात द्यायची नाही. चटईला टोचायची आणि म्हणायची, घे आता. मी लहान होते. एका संध्याकाळी दादांनी ते बघितलं, आणि त्यांचा आवाज चढला. ज्या घरात ही तसबीर आहे त्या घरात असलं काही चालणार नाही, त्यांनी आईला सांगितलं, दे तिच्या हातात. आईनं दिली, घाबरत, आणि मला टोचली. त्यानंतर आमच्या घरात सुई हातातच दिली जायची. विळीसुद्धा. दादांनी सगळी असली जळमटं एकेक करून काढून टाकली, मांजर आडवं जाणं, शनिवारचं तेल, सगळं, आणि मी ती इतकी विसरले की कुणी टोकदार वस्तू खाली ठेवली तर तिला आणखी काही अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वस्तू खाली ठेवण्याचा एकच अर्थ दादांनी मला शिल्लक ठेवला होता. तो खराच होता, उंबऱ्यावरून वेचलेल्या पैशांइतका. पण एकच होता.

मग मी माझाच कागद पुन्हा तपासला. त्या दिवशी आप्पासाहेबांनी पेन परत कसं दिलं ते मी आठवडाभर पाठ केलंय, पण घेतलं कसं? मी टोपण लावलेलं पेन पुढे केलं होतं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. त्यांची बोटं माझ्या नखांना लागली होती, राठ, ऑइलनं काळी पडलेली. हे मी गाळलं होतं. दुसऱ्यानं गाळलं असतं तर मी केवढा आक्षेप काढला असता. पण लगेच दुसरा विचार आला की हे आज, आत्ता कसं आठवलं? मला हे लग्न व्हायला हवंय, पोरीचा चेहरा आठ दिवस मला बघवत नाहीये. म्हणजे ही आठवण माझ्या सोयीची, म्हणजे तपासून घ्यायला हवी. आणि विश्वजीतचं उत्तरही किती पटकन आलं. गाडीत तयार करून आणलं असेल. “फोन लाव आप्पांना,” मी म्हणाले. “आत्ता?” “आत्ता. आणि काही सांगायचं नाही. मला दे.” त्यानं नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी दुकानाच्या पायरीवर गेले. चौकात रिक्षा, पुस्तकांचे गठ्ठे, पाठीवर दप्तरं टाकून आईबापांच्या मागून ओढली जाणारी पोरं. फोनमध्ये पाण्याच्या पाइपाचा आवाज येत होता, गाड्या धूत असावेत. “बोला ताई, झालं का पेन?” “आप्पासाहेब, एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही पेन माझ्या हातात का नाही दिलंत?” पाइपाचा आवाज जरा लांब गेला. “टोक उघडं व्हतं ना ताई. टोपण कुठं ठेवलं ते गावना. सोयरिकीची बोलणी, आन् टोकाचं हातात दिलं म्हंजे वंगाळ. न्हाई देत आमच्यात.” शब्दाला शब्द तोच. बापलेकाचं एकच उत्तर खरं असलं तरी एकच असतं आणि ठरवलेलं असलं तरी एकच असतं. मी गप्प राहिले. तपासणीला गेलं की मी हेच करते. गप्प राहिलं की समोरचा उरलेलं बोलतो.

“तुमी हात म्होरं केला व्हता,” ते म्हणाले. “म्या बघितला.” मग, “तुम्हास्नी ते दुसरंच वाटलं आसंल.” “हो,” मी म्हणाले. पलीकडे कुणीतरी नळ बंद केला. मला वाटलं आता आप्पासाहेब फोन ठेवतील, किंवा चिडतील, आम्ही असले वाटलो का म्हणतील, आणि मग मला कळेल. “माझ्या आईनं तुमच्या हातात दिलं नसतं, ताई,” ते म्हणाले. “टोपण लावल्यालं बी दिलं नसतं. खोटं कशाला बोलू. आमच्या वाड्यावर कामाला यायची मानसं, त्यांच्या वंजळीत ती वरनं पानी घालायची, म्या हांडा धरून उभा असायचो. मोठा व्हतो तवा. काय बोललो न्हाई. ते हाय. पर त्या दिशी ते न्हवतं ताई. टोक उघडं व्हतं, येवढंच.”

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो नक्की कुणावर होता ते मला पायरीवर उभं राहून ठरवता येईना. त्या हांड्याचा राग आला. शकूचा आला, जिला मी एवढंसं विचारलं नाही. आणि या माणसाचाही आला, ज्यानं स्वतःच्या आईवर आणि स्वतःवर हे बोट ठेवायची काही गरज नव्हती. उलट न बोलणंच त्याच्या फायद्याचं होतं. सुईचं कारण पुरेसं होतं, मी ते धरून चालले असते, मनात ठेवून. सगळ्या नोकरीत असं स्वतःच्या विरुद्ध जाणारं वाक्य न विचारता पुढे ठेवणारी माणसं मला किती भेटली ते आठवायला लागले तर एकही नाव येईना. माझा संशय गेला असं मी म्हणणार नाही. उद्या तुळजाबाई पूर्वाला बांगड्या चढवतील तेव्हा मी त्यांची बोटं बघेनच. पण पूर्वाला लेखी द्यावं असं कारण आता माझ्याकडे उरलं नव्हतं.

“आप्पासाहेब,” मी म्हणाले, “उद्या या. तारीख तुम्हीच लिहायची, माझ्या नव्या पेनानं. आणि लिहून झालं की पेन माझ्या हातात द्यायचं. उघडंच.”

“आवो ताई, भांडणं लागतील.”

“लागू देत. सोयऱ्यांची लागतातच. न भांडता मनात ठेवण्यापेक्षा ते बरं.”

ते हसले नाहीत. “बरं,” म्हणाले. “देतो.”

मी आत आले. विश्वजीत माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, जसं मी सकाळपासून त्याच्याकडे बघत होते, आणि मी त्याला काही सांगितलं नाही. थोडं त्यालाही कळू दे ते काय असतं. फोन त्याच्या हातात दिला. दुकानदारानं फाइन निबेचं पेन पुसून डबीत घातलं होतं. “हेच ना? फक्त एक सांगतो,” तो म्हणाला, “घरात दाबून लिहिणारं कुणी असेल तर त्याच्या हाती देऊ नका. बारीक निब, आठवड्यात फाकेल. मागच्यासारखी.”

“आजवर नव्हतं,” मी म्हणाले. “उद्यापासून असणार आहे.”

“मग मीडियमच घ्या. स्टील. ती कुणालाही सोसते.” त्यानं ते आधीचं पेन पुन्हा ट्रेमधून काढलं, पण टोपण लावता लावता थांबला आणि माझ्या नावाच्या त्या कागदाकडे बोट केलं. “तुमचा ळ मात्र भरणार, बाई. आधीच सांगून ठेवतो.”

“थोडा मोठा काढीन,” मी म्हणाले.